पॅक हॉर्सचं तळघर

हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं, मागाहून चालणार नाही. ही गोष्ट क्लिफ ऑग्डनची. त्याला मी चाळीस वर्षं ओळखतो. थाप मारायची तर गळाला लागलेला मासा केवढा होता, एवढीच त्या बाबाला मारता येते.

गेल्या डिसेंबरातली एकोणीस तारीख, गुरुवार. संध्याकाळचे सव्वापाच, म्हणजे आपल्या या उत्तरेकडच्या गावात मिट्ट काळोख. क्लिफ थोरल्या बहिणीला, हिल्डाला, गाडीत घेऊन निघाला होता. हिल्डा दुसऱ्या दिवशी सकाळी कायमची लेकीकडे, दूर दक्षिणेला जायची होती. तिच्या घराच्या किल्ल्या एजंटाला द्यायच्या आणि येताना मासे-चिप्स आणायचे, एवढंच काम. किल्ल्या दिल्या, पुडकी घेतली. मिल स्ट्रीटच्या वळणावर हिल्डा म्हणाली, "थांबव."

"अगं, चिप्स गार होतील."

"होऊ देत. थांबव म्हटलं ना!"

त्या वळणावर गालिच्यांच्या दुकानाचं पार्किंग आहे. तुम्हा पोरांना तेवढंच ठाऊक. तिथं दीडशे वर्षं पॅक हॉर्स पब उभा होता. गिरणी सुटली की माणसं आधी तिथं जायची, मग घरी. लग्नाची मजा तिथं, मयताहून परतल्यावरचा चहाही तिथंच. गिरणी गेली, मग पबही बंद पडला. तीन वर्षं खिडक्यांना फळ्या होत्या, आणि एका शनिवार-रविवारात सगळं भुईसपाट. विटामाती तळघरात लोटली, वर डांबर ओतलं. मला अजून वाईट वाटतं, लपवू कशाला?

पब हिल्डा आणि तिचा नवरा स्टॅन चालवायचे. ती वर बारपाशी, तो खाली तळघरात बिअरच्या पिंपांपाशी. वर नळाला नुसता फेस यायला लागला की हिल्डा जमिनीच्या फळ्यांवर तीनदा टाच आपटायची. मग स्टॅन पिंप बदलायचा आणि लाकडी हातोड्यानं खालून दोनदा ठोकायचा. भांडण झालेलं असलं की मात्र तो ठोकायचा नाही. मुद्दाम ताटकळत ठेवायचा.

एका शनिवारी दोघांचं चांगलंच वाजलं. "जा खाली, तोंड दाखवू नकोस," हिल्डा म्हणाली. तासाभरानं तिनं टाच आपटली. ठोका नाही. पुन्हा आपटली. नाही. ती खाली बघायला निघाली, तर बारच्या पलीकडून क्लिफ हसला. "रुसू दे गं! येईल आपोआप ताळ्यावर. मला दुसऱ्या नळाची दे."

वीस मिनिटं गेली. बिअरला दाब देणारा गॅस तळघरात गळून साचला होता. स्टॅन त्यातच गुदमरला.

त्याला एकोणतीस वर्षं झाली. बहीणभाऊ त्यावर एकदाही बोलले नाहीत.

त्या गुरुवारी पार्किंगात एकही गाडी नव्हती. हिल्डा रस्त्याच्या दिव्यापासून पावलं मोजत गेली आणि एका जागी थांबली.

"बार इथं होता. क्लिफ, तो माझ्यावर रुसूनच गेला का रे? एवढं कळलं की मी उद्या सुखानं जाईन."



तिनं टाच आपटली. एक. दोन. तीन.

काही नाही.

"चल, गारठशील."

"थांब जरा."

पाच मिनिटं... दहा... वारा नाही. रस्त्यावर कुणी नाही. हिल्डाचे ओठ निळे पडले होते, पण ती हलेना. क्लिफला ते बघवेना. तो पुढं झाला. त्यानं बूट उचलला.

एक.

दोन.

तीन...

मग खालून... अगदी पायाखालून...

ठक्. ठक्.

लाकडावर लाकूड.

हिल्डा रडत होती आणि हसतही होती. "रुसला नव्हता रे! रुसला असता तर ठोकलं असतं का त्यानं?" गाडीत बसून तिनं गार झालेले चिप्स सगळे संपवले.

सकाळी लेक येऊन तिला घेऊन गेली. क्लिफ एकटाच परत पार्किंगात गेला. रात्री कडाक्याची थंडी पडली होती, सगळं डांबर गोठलेल्या दवानं पांढरंफेक. बारची ती एक जागा सोडून. तिथं काळं, ओलं. रात्री कुणाची गाडी उभी असेल, असं तुम्ही म्हणाल. क्लिफनंही तसं म्हणून पाहिलं.

त्या शनिवारी तळघरात पहिला क्लिफ उतरला होता. स्टॅन कसा पडला होता, ते त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. हिल्डाला तर नाहीच. पालथा. उजवा हात हातोड्याकडे लांब केलेला. हातोडा वीतभर दूर.

डांबरावरचा डाग तसाच होता. पालथं अंग. लांब केलेला हात. पुढं वीतभर पांढरं. आणि त्याच्या पुढं हातोड्याएवढं काळं.

क्लिफनं हिल्डाला फोन केला. "कुठवर पोचलीस?" एवढंच विचारलं.

दहाच्या सुमाराला ऊन आलं. सगळं पार्किंग ओलं झालं, गाड्या यायला लागल्या. हात नि हातोड्यामधली ती वीतभर पांढरी जागा तेवढी... संध्याकाळपर्यंत वितळली नाही.