चिमीचे ओठ

करवतीची पाती आणायला मास्तर हार्डवेअरच्या दुकानात गेले, तेव्हा दुकानदारानं नेहमीसारखा चिमटा काढला. "मास्तर, शाळेतून निवृत्त झालात, करवतीतून कधी होणार?" एरवी मास्तरांनी एकाला दोन सुनावले असते. त्या दिवशी नुसते हसले आणि पाकीट खिशात टाकून निघाले. चित्त थाऱ्यावर नव्हतं.

शाळेत सुतारकाम शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. घरी मागच्या खोलीत त्यांची स्क्रोल सॉ होती, बारीक पातं खालीवर नाचवत लाकडात हवं तसं वळण कापणारी. तिच्यावर ते उठावाची चित्रं करायचे. युक्ती साधी. करवतीचं टेबल जरासं तिरकं करायचं आणि फळीवरचा आकार एकाच दिशेनं कापत न्यायचा. काप तिरका पडतो, म्हणून सुटलेला तुकडा मागून दाबला की थोडा पुढे चढतो आणि बुचासारखा घट्ट बसतो. मग मागून सरस लावायचा. असा तुकडा फार तर मागे निसटेल. ठरल्या उंचीच्या पुढे तो सूतभरही जात नाही.

या खेपेचं चित्र म्हणजे त्यांच्या मुलीचा, चिमीचा चेहरा. बायकोनं हट्टच धरला होता. दोन वर्षांपूर्वी तिची दृष्टी गेली, आणि चिमी त्याच्याही आधी बापाशी भांडून घर सोडून गेली. "डोळ्यांचं राहू द्या," बायको म्हणाली, "बोटांना तरी दिसू दे माझी पोर."

बाप आणि लेक, दोघंही सारखीच हट्टी. खाण तशी माती. पण एक गोष्ट मास्तरांनी बायकोला सांगितली नव्हती. मागच्या वर्षी चिमीचं पत्र आलं होतं. 'फोनवर तुम्ही ऐकून घेणार नाही म्हणून लिहितेय. आईला भेटावंसं वाटतं. तुम्ही ये म्हणालात तर येईन.' घरात पत्र वाचू शकणारं माणूस एकच उरलं होतं, आणि त्या माणसानं ते घडी करून कपाटात कपड्यांखाली सारलं. आधी रागापोटी, नंतर लाजेपोटी. उत्तर गेलंच नाही.

चेहरा छान उतरला. कपाळ, गाल, नाक, मिटलेले ओठ, सगळे तुकडे आपापल्या जागी चढले. मास्तरांनी फळी बायकोच्या पलंगाशेजारी, हात पोचेल अशी भिंतीवर टांगली. तिनं दोन्ही हातांनी चेहरा चाचपला आणि पोटभर रडली. मास्तर ताज्या भुशाच्या वासात उभे राहिले आणि त्यांना वाटलं, चला, सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं हाक मारली.

"अहो, हिचे ओठ हलतात."

"तुझी बोटं थरथरतायत."

"माझी बोटं मला कळत नाहीत होय?"

मास्तरांनी पट्टी लावून पाहिलं. ओठांचा तुकडा नाकाच्या बरोबरीनं पुढे आला होता. सरस शाबूत होता, कुठे चीर नव्हती. इतका पुढे तो येणंच शक्य नव्हतं. त्यांनी पुन्हा मोजलं, पट्टी पुसून तिसऱ्यांदा मोजलं. दिवसभर ते मागच्या खोलीतून पुढे, पुढून मागे करत राहिले.

तिसऱ्या दिवशी ती फळीशी कान देऊन बसल्यासारखी बसली होती, दोन बोटं ओठांवर ठेवून.

"एकच शब्द आहे," ती हळूच म्हणाली. "पुन्हा पुन्हा तोच... ओठ आधी मिटतात. मग उघडतात. प... प..."

"काय प?"

"पत्र म्हणतेय का हो?"

मास्तरांची नजर कपाटाकडे गेली.

ती आंघोळीला गेली तशी त्यांनी फळी उचलली, मागच्या खोलीत नेली आणि लाकडी हातोडीनं ओठांवर घाव घातला. तुकडा मागे निसटून भुशात पडला. सरस नीट धरला नव्हता असं सांगू, असं ठरवून त्यांनी फळी परत टांगली. दोन पावलं मागे सरले, आणि आपण काय करून बसलो ते त्यांना दिसलं. ओठ गप्प करायला गेले आणि चिमीचं तोंड उघडून बसले.

बायको केस पुसत आली. तिचा हात सवयीनं भिंतीकडे गेला.

"तोंड उघडलंय हिनं..."

"ओठ निखळले. सरस..."

"गप्प बसा. श्वास लागतोय हाताला."

मास्तरांनी आपला तळहात ओठांच्या भोकासमोर धरला. फळीमागे पक्की भिंत होती, तरी त्या भोकातून गार, ओलसर हवा येत होती, नदीच्या गाळाचा वास असलेली. यायची, थांबायची, पुन्हा यायची. कुणीतरी लांबून चालत आल्यासारखी दमलेली.

मास्तर तिथंच जमिनीवर बसले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. कपाटातून पत्र काढून अडखळत वाचून दाखवलं.

"किती दिवस झाले?"

"अकरा महिने."

"पोर दारात उभी राहून विचारत होती, आणि तुम्ही कडी काढली नाहीत."

"उद्याच जातो तिच्या पत्त्यावर. पाय धरतो तिचे."

"उद्या नाही. आत्ता, माझ्यासमोर ये म्हणा तिला."

मास्तर उठले. भोकाजवळ तोंड नेऊन ते म्हणाले, "चिमे... चुकलो गं मी. ये. घरी ये."

श्वास थांबला. खिडकीतून लख्ख ऊन आत आलं होतं, रस्त्यावर कुणी सायकलची घंटी वाजवत गेलं. फळी आता नुसती फळी होती. मास्तरांनी हात लावून पाहिला, लाकूड उन्हानं कोमट झालं होतं.

त्यांच्या पाठीमागे पलंगावर बसलेली बायको जागा करून दिल्यासारखी बाजूला सरकली आणि शेजारची चादर तळव्यानं सारखी करू लागली. पलंग करकरला. मास्तर वळले. ती होती तिथंच होती, पण तिच्या शेजारी गादी हळूहळू खाली दबत गेली आणि दबलेलीच राहिली.

बायकोनं हात उचलला. तो हवेत, खांद्याच्या उंचीवर, कशावर तरी टेकला.

"अगं बाई," ती म्हणाली, "किती भिजलीस!"