आजोबांचा विस्तव

"आजपासून भट्टी हिच्या हवाली!" असं म्हणत धाकट्याने लांब चिमटा आपल्या लेकीच्या हातात दिला, आणि भिंतीला टेकून बसलेल्या त्याच्या थोरल्या बहिणीच्या काळजात चर्र झालं... नेमक्या ह्याच शब्दांनी, हाच चिमटा देऊन, छत्तीस वर्षांपूर्वी वडिलांनी तिला ह्या धुराने काळवंडलेल्या खोलीत उभं केलं होतं!

निखाऱ्यांवर मांस भाजून देणारी ही खाणावळ आजोबांनी काढलेली. दारावरच्या पाटीवर तेव्हापासून एकच ओळ होती : 'इथला विस्तव कधी विझला नाही.' दुकान बंद करताना निखाऱ्यांवर राख ओढायची, सकाळी ती सारून फुंकर घालायची आणि त्यांच्यावरच नवा कोळसा रचायचा. लोक पाटी वाचून हरखायचे. पण विस्तव राखायला उंबरा न ओलांडणारं माणूस लागतं, हे पाटीवर कुठे लिहिलं होतं?

शाळेत नोकरी लागल्याचं पत्र आलं, तेव्हा थोरली बावीस वर्षांची होती. "तू गेलीस तर हा विस्तव कुणाच्या भरवशावर सोडू गं?" वडील म्हणाले होते. तिने ते पत्र स्वतःच्या हाताने भट्टीत घातलं. धाकट्याचं शिक्षण झालं, संसार झाला. हिची मात्र स्थळं आली तशी परत गेली. तीन वर्षांपूर्वी आई परगावच्या दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती, धाकटा आणि त्याची बायको तिच्या उशाशी होते, आणि थोरली... थोरली इथे राख ओढत होती!

आता धुराने तिचे डोळे अधू झाले होते. डॉक्टरांनी भट्टीजवळ जायला बंदी केली होती.

"बाबा, उद्या सकाळची गाडी आहे माझी," पोरगी म्हणाली. नर्सिंगला तिचा नंबर लागला होता.

"नर्स इथेच हो की! रोज कुणी ना कुणी बोट भाजून घेतंच आहे," धाकटा हसण्यावारी नेत म्हणाला. "आत्याला विचार, तिला कधी वाटलं का जावंसं?"

थोरली काही बोलायला पुढे सरकली. पोरगी वाकून निखाऱ्यांवरच्या मांसाच्या सळया फिरवू लागली. धुराने की कशाने कोण जाणे, तिचे डोळे वाहत होते.

"राहू दे गं आत्या," ती हळूच म्हणाली. "तू काढलेसच ना दिवस? मीही काढीन."

तूही काढशील...! थोरली ताडकन उठली. चाचपडत तिने कोपऱ्यातली पाण्याची बादली उचलली, "बाजूला हो!" म्हणाली आणि सगळं पाणी भट्टीत ओतलं. फस्सकन वाफेचा लोट उठला. बाहेर गिऱ्हाइकं ताटं सोडून उभी राहिली.

"ताई! अगं, काय केलंस हे? आजोबांचा विस्तव...!"

"मला विचारायला सांगितलंस ना? मग ऐक. वाटलं होतं रे... रोज वाटलं! तुम्ही कुणी विचारलंत मात्र नाही."

धाकटा मटकन कोळशाच्या पोत्यावर बसला.

"ताई, तो आजोबांचा नव्हताच," तो मान खाली घालून म्हणाला. "बारा वर्षांपूर्वी तू तापाने फणफणली होतीस, तेव्हा राख मी ओढली होती. सकाळी बघतो तर सगळं थंडगार! काडी ओढली आणि पेटवला. तुला कळलं तर तू खचशील, म्हणून बोललो नाही..."

"बारा वर्षं?" तिने विचारलं. "म्हणजे... आईच्या वेळी...?"

"सांगणार होतो गं. फोनही हातात घेतला होता. धीर झाला नाही... मार मला, ताई!"

तो हमसून हमसून रडू लागला. एवढा बाप्या माणूस, पण तिला दिसला तो गुडघे फोडून घरी येणारा पोर. तिचा हात पुढे झाला, अधांतरी थांबला, आणि मग राखेसकट त्याच्या डोक्यावर टेकला.

"किती वेळ लागला रे पेटायला?"

"पाच-सात मिनिटं."

"एवढाच?"

दुसऱ्या दिवशी खाणावळीला कुलूप लागलं. फलाटावर पोरगी खिडकीतून पुन्हापुन्हा विचारत होती, "आत्या, भट्टीचं काय?"

"येऊन पेटवू. काडेपेटी आहे की."

गाडी सुटायला दहा मिनिटं होती. थोरलीने धाकट्याची बाही धरली.

"आईचा तो दवाखाना... ह्याच वाटेवर ना रे?"

धाकट्याने तिच्याकडे पाहिलं आणि तो तिकिटाच्या खिडकीकडे धावत सुटला. आत पोरीने पिशवी मांडीवर घेतली आणि आत्यासाठी खिडकीजवळची जागा रिकामी केली.