आत्याच्या शेजारची बाई

पटत नसेल तर सोडून द्या, मी वाद घालणार नाही. पण हे माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत घडलंय, आणि शेवटचा भाग तर मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. आत्या थापा मारणारी बाई नाही. उलट हे सांगताना ती अजूनही मान वर करत नाही.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. सोमवारची सकाळ, शहरात जाणारी पहिली बस.

आत्या शहराबाहेरच्या एका लाँड्रीत कामाला होती. इस्पितळांच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट तिथे धुवायला यायचे. तिच्या जोडीला एक बाई होती. दिवसभर टकळी चालू, म्हणून सगळ्या तिला चिमणी म्हणायच्या. कपड्यांचे बारीक तंतू घशात जाऊन तिला कोरडा खोकला जडला होता. आधी दोनदा खोकायची, मग बोलायला लागायची.

तिथे कपडे सुकवायची एक खोली आहे. आत भट्टीसारखं तापलेलं असतं. बायका सारख्या बाहेर येऊन बसतात म्हणून मुकादम दाराला बाहेरून कडी घालायचा.

एका दुपारी चिमणी आत होती. मुकादम कडी घालून जेवायला गेला...

आणि विसरला.

दार उघडलं तेव्हा ती उंबऱ्याशीच मरून पडलेली होती. पाय अनवाणी. चपलांनी दार बडवून बडवून त्यांचे पट्टे तुटले होते. मशीनच्या घरघराटात कुणाला काहीच ऐकू गेलं नव्हतं.

मालक म्हणाले, बाई आधीपासूनच आजारी होती.

बायका चिडल्या. सोमवारी सगळ्यांनी मिळून शहरातल्या मुख्य ऑफिसच्या दारात उभं राहायचं ठरलं. आत्याने पुठ्ठ्याची पाटी केली. त्यावर एवढंच लिहिलं : ‘दाराला बाहेरून कडी होती.’

सोमवारी आत्या स्टॉपवर पोचली. एकही बाई आलेली नव्हती.

एकीच्या मुलाला ताप होता. एकीला नवऱ्याने येऊ दिलं नाही. बाकीच्यांचे फोन बंद.

आत्याने आयुष्यात कधी चारचौघांत आवाज चढवलेला नाही. दुकानात सुटे कमी आले तरी ती गुपचूप निघून येते. तरी ती बसमध्ये चढली. पाटी जुन्या चादरीत गुंडाळलेली, अक्षरं पोटाकडे. कुणी विचारलं तर आरसा आहे म्हणून सांगायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

बस जवळजवळ रिकामी होती. आत्या पुढच्या सीटवर बसली.

थोड्या वेळाने मागून आवाज आला...

कोरडा खोकला. दोनदा.

आत्याने वळून पाहिलं. मागची सीट रिकामी.

कंडक्टर आला. "मावशी, मागच्या बाईंचं तिकीट तुम्हीच काढताय ना?"

"कोण बाई?"

कंडक्टरने मान तिरकी करून मागे पाहिलं आणि कान खाजवला. "उतरल्या वाटतं."

बस वाटेत कुठेच थांबली नव्हती.

ऑफिसची इमारत काचेची, उंच. आत्या फाटकाजवळ फुटपाथवर उभी राहिली. चादरीतून पाटी सोडवली. कामावर येणारे लोक वाचत होते आणि नजर फिरवत होते. दोन मुली हसल्या. एकाने फोटो काढला. आत्याने पाटी उचलून तोंडासमोर धरली. लोकांनी वाचावं म्हणून नाही. तोंड लपवायला.

मग तिच्या एक गोष्ट लक्षात आली...

फुटपाथ अरुंद होता. तरी येणारे-जाणारे तिच्या डाव्या बाजूला एका माणसाची जागा सोडून, वळसा घालून जात होते.

आणि तिचा डावा हात गरम झाला होता. भर थंडीत. वास येत होता... नुकत्याच सुकलेल्या चादरींचा.

तेवढ्यात वॉचमन आला. म्हातारा, सभ्य माणूस. हळूच म्हणाला, "ताई, तुम्ही उभ्या राहा, माझी ना नाही. पण यांना आधी घरी न्या. घामाने निथळतायत. पायात चप्पल पण नाही. लोक बघतायत हो."

आत्याने मान वळवली नाही. धाडसच झालं नाही.

काचेच्या दारातून एक साहेब बाहेर आला आणि तिथूनच ओरडला, "काय तमाशा लावलाय? कोण आहेत या दोघी?"

फुटपाथवरचे सगळे थांबले. सगळ्यांच्या नजरा आत्यावर. तिला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं.

"मी एकटीच आलेय," आत्या म्हणाली. "ही बाई कोण, मला माहीत नाही. मी ओळखत नाही हिला."

शेजारी अगदी शांत झालं.

खोकला नाही. श्वास नाही. हाताला लागणारी ऊब एकदम गेली, नुसता गार वारा. वॉचमनने डोळे चोळले आणि तो आपल्या खुर्चीत जाऊन बसला. आणि लोक त्या रिकाम्या जागेतून सरळ चालायला लागले...

आत्या संध्याकाळपर्यंत उभी होती. मग तिला कुणीच काही विचारलं नाही.

"भीती नाही गं वाटली," ती मला म्हणाली होती. "लाज वाटली. तिच्यासाठीच उभी होते मी, आणि तिलाच ओळख दिली नाही."

दुसऱ्या दिवशी आत्याची नोकरी गेली. पुढच्या आठवड्यात त्या दाराची कडी उखडलेली दिसली. मुकादम म्हणतो, मी काढली नाही. मालकही हेच म्हणतात. पण नवी कडी बसवायची हिंमत अजून कुणाला झालेली नाही.

आत्या मात्र दर सोमवारी जाते. तीच पाटी, उघडी धरून. बसमध्ये खिडकीची जागा सोडून बसते. कधीतरी कुणी विचारेल, बरोबर कोण आहे म्हणून. मग ती सांगणार आहे, माझी मैत्रीण. पण खोकला पुन्हा ऐकू आला नाही. कुणी विचारतही नाही. चिमणी येते की नाही, हेच आत्याला कळत नाही.

गेल्या सोमवारी तिला सोबत म्हणून मी गेले होते. खरं सांगायचं तर पाटीपासून चार पावलं लांबच उभी राहिले.

परतताना बस गच्च भरलेली. आत्या बसली, खिडकीची जागा सोडून. मी तिथे बसायला निघाले तर म्हणाली, "नको गं." मी दांडी धरून उभी राहिले.

एक काठी टेकत येणारे आजोबा चढले. रिकामी जागा पाहून माझ्या मनात आलं, आता आत्या काय करणार...

आजोबा सीटपाशी आले. थांबले. आत्याकडे नाही, खिडकीकडे पाहून हसले.

"नको, नको, उठू नका," ते म्हणाले. "बसा तुम्ही. दमलेल्या दिसताय."

आणि पुढे सरकले.

आत्याने माझं मनगट घट्ट धरलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "विचार ना त्यांना," ती पुटपुटली. "रागावलेली दिसते का, विचार."

मी गर्दीतून त्यांच्यापर्यंत पोचले. ते माझ्याकडे बघतही होते. पण सगळी बस ऐकत होती, आणि असलं काही विचारायला माझी जीभ रेटेना.

पुढच्या स्टॉपवर ते उतरून गेले.