बुजवलेलं भोक

गाडीच्या तापमानाचा काटा वर जातोय आणि तुम्ही दोघं रात्री साडेदहाला निघणार? वर मलाच सांगता, ‘काका, पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्यात.’ शाबास! चावी द्या इकडे. सकाळी मेकॅनिकला दाखवू, मग जा कुठं जायचंय तिकडे. तोंडं पाडू नका. बसा. माझ्या मित्राच्या बाबतीत घडलेलं सांगतो. ऐकीव गोष्ट नाही, त्यातला पंप माझ्याच हातून गेलाय.

मित्र मेकॅनिक. सगळे त्याला कानसेन म्हणायचे. लांब पेचकस चालू इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे, आणि मग सांगायचं, ‘बेअरिंग गेलं.’ खोलून बघावं तर तेच निघायचं. कामाला सोन्यासारखा माणूस, पण नाक फार वर. ‘आज होणार नाही’ एवढे तीन शब्द त्याच्या तोंडून कधी निघाले नाहीत.

चोवीस नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी पावणेआठला तो माझ्या स्पेअर पार्टच्या दुकानात आला. वॉटर पंप हवा होता, गॅस्केट आणि बेल्टसकट. एका नर्सबाईंची जुनी गाडी होती, सहा महिन्यांपूर्वी दलालाकडून घेतलेली. बाईंच्या वडिलांचं दुसऱ्या सकाळी लांबच्या शहरात हृदयाचं ऑपरेशन होतं, त्यांना घेऊन पहाटे पाचला निघायचं होतं. मी म्हटलं, “आज जागरण वाटतं.” तो म्हणाला, “छे! चार तासांचं काम. बाराच्या आत घरी.” पंप काखेत मारून शीळ घालत गेला.

आता त्या गाडीचं दुखणं ऐका. बाई दर दोन दिवसांनी पाणी भरत होत्या, पण गाडीखाली थेंब दिसत नव्हता. पाणी जात होतं, आणि कुठं जातंय ते कळत नव्हतं. कानसेननं कव्हर काढून पंपाची पुली हातानं हलवली, तर ती पडायला आलेल्या दातासारखी डगडगली. बेअरिंग खलास. निदान पक्कं.

गॅरेजात परत आल्यावर त्यानं शटर अर्धं खाली ओढलं आणि कामाला लागला. पाणी काढलं, बेल्टच्या खुणा घेतल्या, बेल्ट उतरवला, पाच बोल्ट सोडले. सव्वादहाला जुना पंप त्याच्या हातात आला. त्यानं तो उलटा करून बॅटरीच्या उजेडात धरला.

पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं. आतलं सील फाटलं की त्या भोकातून पाणी ठिबकतं. लोकांना वाटतं गळती. गळती नव्हे ती, पंपाची बोंब असते, की बाबांनो, मला बदला. ते भोक कधी बुजवायचं नसतं. बुजवलं तर पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, ग्रीस धुऊन नेतं, आणि मग एक दिवस भर रस्त्यात...

तर या पंपाचं भोक बुजवलेलं होतं. वरून लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा लगदा, लावून चक्क लिंपलं होतं. आणि त्या लांबीत बारीक बारीक चकाकत होतं.

कानसेन मटकन स्टुलावर बसला. लांबीत लेथवरचा लोखंडाचा कीस मिसळायचा, म्हणजे ती दगडासारखी घट्ट होते, हा शहाणपणा अख्ख्या गावात एकाच माणसाचा होता. त्याचा स्वतःचा.

दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ आला होता, सोबत सहा वर्षांची मुलगी. तिला मामाकडे सोडायचं आणि दोन दिवसांनी परत आणायचं होतं. पंप ठिबकत होता, कानसेनकडे नवा पंप नव्हता. गृहस्थ म्हणाला, “मग थांबतो की दोन दिवस, घाई नाही.” तिथं याचं नाक आडवं आलं. भोक लिंपलं आणि म्हणाला, “जा खुशाल. आल्यावर बदलू.”

परत येताना रात्री गाडी तापून बंद पडली. शेजारी कालवा. माणूस बाटली घेऊन पाणी आणायला काठावरून उतरला, तो पाय घसरून गेलाच. मुलगी जागी झाली असेल, बाबांना शोधायला मागोमाग गेली असेल... सकाळी दोघंही सापडली. गाडीचं एक दार उघडं होतं आणि दिवा लुकलुकत होता.

लोक म्हणाले, बाप निष्काळजी. पाणी न बघता लेकराला घेऊन रात्रीचा निघाला. मुलीची आईही तेच म्हणाली. अंत्यविधीला ती एकाच चितेजवळ, मुलीच्या, उभी राहिली म्हणे. कानसेनला तेव्हाच सगळं कळलं होतं. पण यानं मिठाची गुळणी धरली. मी त्याचा लंगोटीयार, मलाही बोलला नाही.

आणि आता तीच गाडी दुसरा रंग लावून त्याच्या गॅरेजात आली होती.

त्यानं काय करावं? जुना पंप भंगाराच्या डब्यात टाकला, वर चिंध्या टाकल्या. नवा बसवला. काम मात्र चोख केलं, खोटं कशाला बोलू? ब्लेडनं जुनं गॅस्केट खरवडलं, बोल्ट आडव्यातिडव्या क्रमानं आवळले, बेल्ट खुणेवर चढवला, पाणी भरून आतली हवा काढली. बाराला दहा कमी असताना गाडी सुरू केली.

चार मिनिटांत काटा लाल.

त्यानं गाडी बंद केली आणि वरच्या पाइपला हात लावला. पाइप गार होता. थर्मोस्टॅट अडकला असेल म्हणून त्यानं तो काढून उकळत्या पाण्यात टाकला. उघडला. परत बसवला. पुन्हा सुरू. पुन्हा लाल. सेन्सर बदलला. लाल. रेडिएटरला गाल लावला तरी चालेल इतका गार, आणि काटा मात्र टोकाला चिकटलेला.

तीन वाजले. मग त्यानं शेवटी पेचकस घेतला, पंपाला टेकवला, कानाला लावला.

नव्या पंपाची गुणगुण ऐकू यायला हवी होती. ऐकू आलं ते पाणी. पंपातलं नव्हे. मोठं, वाहतं पाणी. आणि त्यात कुणीतरी लांबून हाक मारत होतं... “बाबा...”

त्यानं पेचकस फेकला. इंजिन बंद केलं.

शांतता.

थेंब पडल्याचा आवाज आला. टप्... टप्... गळती असेल म्हणून तो वाकला. गाडीखाली कोरडं होतं. आवाज शटरकडून येत होता. अर्ध्या शटरखालून दोन पाय दिसत होते. पुरुषाचे. बूट ओले.

“मिस्त्री, झालं का?”

“कोण? बंद आहे आता. सकाळी या.”

“थांबतो की. घाई नाही.”

आवाज ओळखीचा होता. बाहेर डबकं साठलं, आत येऊ लागलं. त्यानं सवयीनं बोट बुडवलं. कूलंट नव्हतं. गढूळ होतं. शेवाळाचा वास.

“हळू बोल हं,” बाहेरचा म्हणाला. “मागे झोपलीये ती.”

कानसेननं मागच्या सीटकडे पाहिलं नाही. मला म्हणाला, ‘मान वळवली असती तर मी आज नसतो.’

“एक विचारू? काय बिघडलं होतं रे? मला कुणी सांगितलंच नाही. मी पाणी बघितलं होतं निघताना. काठोकाठ होतं.”

आणि हा... हा माणूस, ऐका, तेव्हाही खोटं बोलला. म्हणाला, “नसेल बघितलं तुम्ही. अंधार होता.”



चावीला हात न लावता गाडी सुरू झाली.

काटा वर गेला. लाल. लालच्याही पुढे. मागच्या सीटवर काहीतरी हललं. उठून बसल्यासारखं.

“...मी बुजवलं!” कानसेन ओरडला. “भोक मी बुजवलं! तुम्ही थांबत होतात. मीच जा म्हटलं. पंप नव्हता माझ्याकडे. नाही म्हणायची लाज वाटली. तुमची काही चूक नव्हती!”

टप्... टप्...

“मला कशाला सांगतोस?” आवाज अगदी हळू आला. “तिच्या आईला सांग. ती माझं तोंड बघत नाही.”

शटरखाली आता पाय नव्हते. डबकंही नव्हतं. गाडी सुरूच होती, आणि काटा खाली येऊन बरोब्बर मध्यावर थांबला. घड्याळात चार वाजून वीस मिनिटं.

पाचला नर्सबाई आल्या, वडिलांना मागे बसवलं आणि गेल्या. वेळेत पोचल्या. म्हातारे आजही हिंडतात-फिरतात.

कानसेन मात्र घरी गेला नाही. त्या आईचा पत्ता दोन वर्षं त्याला पाठ होता, फक्त पाय वळत नव्हते. तेलकट हातांनी सहाला तिच्या दारात उभा राहिला. बाई एकटीच राहायची. तिनं दार उघडलं. तिचे डोळे सुजलेले होते. त्यानं दारातच सगळं सांगून टाकलं, एका दमात, खाली मान घालून.

तिनं मारलं नाही. शिवी दिली नाही. म्हणाली, “दोन वर्षं मी त्या माणसाला तळतळाट दिले.” एवढंच. ते सांगताना कानसेन माझ्यासमोर लहान मुलासारखा रडला. माफी काही तिनं दिली नाही, आणि का द्यावी?

मग ती त्याला आत घेऊन गेली.

“मघाशी खाडकन आवाज आला. उठून घड्याळ बघितलं, चार वीस,” ती म्हणाली. “तुम्हीच बघा.”

नवऱ्याचा फोटो तिनं अंत्यविधीच्या दिवशीच ट्रंकेत टाकला होता. ट्रंकेला कुलूप होतं. किल्ली तिच्या गळ्यात होती. भिंतीवर एकच खिळा होता, मुलीच्या फोटोचा.

त्या एका खिळ्याला दोन फोटो लटकत होते.