झालं, हला आता

माझा धंदा ओळखपत्राच्या फोटोंचा. दुकान लहानसं. पुढे काउंटर, मागे पडदा, पडद्यामागे गोल स्टूल, छत्र्या लावलेले दोन दिवे आणि भिंतीवर आरसा. आरशाला कंगवा दोरीने बांधलेला आहे, कारण आधीचे सगळे कंगवे गिऱ्हाइकांच्या खिशातून परागंदा झाले. माणूस स्टुलावर बसला की माझं तोंड आपोआप सुरू होतं. "ताठ बसा. हनुवटी जरा खाली. इकडे बघा. डोळे मिटू नका. हलू नका." मग खटका. मग, "झालं. हला आता."

हे शेवटचं महत्त्वाचं. ते म्हटल्याशिवाय माणूस हलत नाही. एकदा एका मास्तरांचा फोटो काढून झाला आणि मी ते म्हणायला विसरून बाहेर फोनवर बोलत बसलो. परत येऊन बघतो तर मास्तर तसेच, हनुवटी खाली घेऊन बसलेले. रागावलेही नव्हते. "तुम्ही 'झालं' म्हणाला नाहीत," एवढंच म्हणाले.

जगाला डोळे मिटू नका सांगणाऱ्या माझा स्वतःचा एकही फोटो उघड्या डोळ्यांचा नाही. खटका वाजायच्या आत पापण्या पडल्याच म्हणून समजा. लग्नाच्या फोटोंत बायको अशी खुललेली, आणि शेजारी मी गाढ झोपेत बोहल्यावर चढल्यासारखा. "तुम्ही शुद्धीत होता ना तेव्हा?" असं ती अजून विचारते. मी त्यानंतर कॅमेऱ्याच्या मागेच राहायचं ठरवलं. आमची मुलगी मोठी झाली, तिच्या प्रत्येक वर्षाचे फोटो आहेत, आणि एकातही बाप नाही.

या वर्षी तिला लांबची नोकरी लागली. इतकी लांब की आपण जेवायला बसावं तेव्हा तिथे लोक दात घासतात. ती म्हणाली, "बाबा, मला दुसरं काही नको. आपल्या तिघांचा एक फोटो द्या. तुमचे डोळे उघडे असलेला. तिथे टेबलावर ठेवीन."

"त्यात काय मोठंसं, काढू रविवारी," मी म्हणालो, आणि रविवारी पहाटेच मेहुण्याबरोबर जंगलात पळालो.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. नोकरीतून मोकळा झाला आणि त्याला हरणांच्या फोटोंचं वेड लागलं. तिथली हरणं भयंकर लाजाळू. पान पडलं तरी पळतात. मेहुण्याने पानापानांचा शर्ट घेतला, पानापानांची पँट घेतली, पानापानांचा एक छोटा तंबू घेतला. घरी तो कुंड्यांजवळ उभा राहिला की त्याची बायको त्याला पाणी घालायची धमकी देते. तोफेएवढी लेन्स घेऊनही त्याच्या पदरात आजवर फक्त शेपट्या पडल्या आहेत. त्याच्या अल्बमला आम्ही घरात 'पार्श्वदर्शन' म्हणतो.

"बोलायचं नाही, खोकायचं नाही," तो मला कुजबुजत बजावत होता. "आणि तुमचा तो तंबाखूचा वास, भाऊजी, तो घरी ठेवून यायला हवा होता."

कोरड्या ओढ्याच्या काठाने गेलं की एक गवताळ उतार लागतो. मागे दाट झाडी. तो तंबूत शिरला. मी बाहेर घडीच्या स्टुलावर बसलो, पुढे तिकाटण्यावर माझा दुकानातला जुना कॅमेरा. गवत ओलं होतं आणि माझे मोजेही. उजाडलं तसं झाडीतून एक हरीण बाहेर आलं. पातळ कानांतून उजेड आरपार दिसत होता. तंबूत मेहुण्याची काहीतरी खुडबुड झाली. हरणाने मान वर केली. आता पळणार, आणि अल्बमात आणखी एक शेपटी जमा होणार.

माझ्या तोंडून सवयीने गेलं, "हनुवटी जरा खाली."

हरणाने हनुवटी खाली घेतली.

"इकडे बघा."

त्याने बघितलं. मी खटका दाबला. चांगला फोटो मिळाला या आनंदात बराच वेळ मी बटणं दाबून तो फोटोच बघत बसलो, आणि वर पाहिलं तर हरीण तसंच उभं. डोळ्याच्या कडेला माशी बसली होती. पापणी हलत नव्हती. पोटही हलताना दिसेना. मला एकदम ते मास्तर आठवले.

"झालं," मी म्हणालो. "हला आता."

एका उडीत ते झाडीत गेलं. मेहुणा तंबूतून गुडघ्यांवर बाहेर आला. त्याचे सगळे फोटो हललेले होते.

"भाऊजी, तुम्ही त्याला अहोजाहो केलंत?"

"गिऱ्हाईक आहे," मी म्हणालो.

योगायोग असणार. जनावर आवाजाने दचकतं, मान खाली घालतं, त्यात विशेष काय? मी स्वतःला हे पटवलं, आणि पटलंच म्हणून की काय, दोनच दिवसांनी मीच मेहुण्याला फोन करून उठवलं.

या वेळी अख्खा कळप आला. मेहुणा उताराच्या पलीकडच्या टोकाला तंबू ठोकून बसला होता. माझ्या बोलण्याने त्याचं लक्ष विचलित होतं म्हणे. मी काही बोलायच्या आतच हरणं आपापली उभी राहू लागली. पिल्लं पुढे, पाय दुमडून. मध्ये एक थोराड शिंगवाला. उंच ती मागे. माझ्या दुकानात एका कुटुंबाला असं बसवायचं तर अर्धा तास आणि दोन भांडणं लागतात. इथे कुणी कुणाच्या पुढे आलं नाही, कुणाचं तोंड झाकलं गेलं नाही. फक्त मागच्या रांगेत, उजव्या टोकाला, एक जागा रिकामी होती.

"सगळे आले का?" मी विचारलं. हेही सवयीचं. "कोणी राहिलंय का?"

त्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आता, गिऱ्हाईक कुटुंबं हे नेहमी करतात. सगळे उभे राहिले की कुणीतरी भिडस्त काका म्हणतातच, "तुम्हीपण या की." आणि माझं उत्तर ठरलेलं आहे. ते मी हसत हसत हरणांना दिलं.

"मी आलो तर काढणार कोण?"

खटका वाजला.

माझे दोन्ही हात खिशात होते.

मी घाईने "झालं, हला आता" म्हणालो आणि सामान आवरलं. फोटो चांगला आला होता. जरा जास्तच चांगला. उजव्या टोकाची रिकामी जागा अगदी बरोबर चौकटीत घेतलेली होती. जुना कॅमेरा, ओलसर हवा, बटण अडकलं असेल. मेहुण्याला मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने मला डॉक्टरकडेच नेलं असतं.

त्या संध्याकाळी मुलीने मला दुकानात पकडलं. पडद्यामागे तिघं दाटीवाटीने उभे राहिलो. कॅमेरा दहा सेकंदांवर लावला. डोळे मिटले. परत लावला. मिटले. बायको म्हणाली, डोळे ताणून धरा. ताणले, तर चोराला खिडकीत पकडल्यासारखा दिसलो, आणि ऐन खटक्याला ते मिटलेच. आधी आम्ही हसत होतो. मग बायकोच हसत होती. मग कुणीच नाही.

"राहू दे, बाबा," मुलगी म्हणाली. तिने कंगवा दोरीला होता तसा नीट लटकवला. "तुम्ही नकाच येऊ फोटोत. मी तुमचा चष्मा घेऊन जाते एखादा."

ती हे चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटलं. एवढं वाईट मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. आणि डोक्यात एकच विचार घोळू लागला. तो खटका ज्याने कुणी दाबला, त्याला वेळ साधता येते. त्याच्या फोटोत कुणाचेच डोळे मिटलेले नसतात.

मी पुन्हा गेलो. मेहुणा पलीकडच्या टोकाला आपल्या तंबूत गेला. ऊन नुकतंच गवतावर आलं होतं. मी तिकाटणं उघडलं, कॅमेरा लावला, आणि मान वर केली तर हरणं उभीच होती. तशीच. तीच रांग, तीच जागा रिकामी. आज मी काहीच विचारलं नाही.

मी चष्मा पुसला आणि उतार चढून गेलो.

एकही हललं नाही. जवळ गेल्यावर कळलं, त्यांना वास येत नव्हता. ना घामाचा, ना लेंडीचा. मी उजव्या टोकाला उभा राहिलो आणि तोंड कॅमेऱ्याकडे केलं. तिकाटण्यामागे कुणी नव्हतं. माझं घडीचं स्टूल होतं फक्त.

"ताठ उभे राहा," आवाज आला.

आवाज माझाच होता. थोडा घोगरा, तंबाखूचा.

"थोडं डावीकडे. हं. हनुवटी जरा खाली."

मी खाली घेतली. शेजारचं हरीण माझ्या कोपराला टेकलं.

"इकडे बघा. डोळे मिटू नका. हलू नका."

खटका वाजला.

मी वाट बघत राहिलो.

ऊन पायांवरून गुडघ्यांवर आलं. गवतात कुठेतरी किडे किरकिरत होते. मी वाट बघत होतो.

"भाऊजी!" मेहुण्याची हाक आली. "अहो भाऊजी, आहात कुठे?" तो कॅमेऱ्यापाशी उभा राहून चौफेर बघत होता. मी त्याच्या नाकासमोर होतो. मी पाय उचलला, तो जड लागला, पण उचलला. तेव्हा कुठे त्याने मला पाहिलं आणि दचकून तो माझ्या स्टुलावर बसला. स्टूल मोडलं. माझ्यामागचा कळप कधी गेला ते मला सांगता येणार नाही.

माझ्या कॅमेऱ्यात त्या दिवसाचा एकही फोटो नव्हता. मेहुण्याकडे मात्र होता. तो गाडीत बसल्या बसल्या नाचायचाच बाकी होता. "अख्खा कळप, भाऊजी! समोरून! तोंडं! एकही शेपटी नाही!" त्याने कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा करून दाखवला. पुढे पिल्लं, मध्ये शिंगवाला, मागची रांग पूर्ण भरलेली. माणूस कुठेच नव्हता.

"एकच खोट राहिली," तो म्हणाला. "हे उजवीकडचं शेवटचं बघा. ऐन वेळी डोळे मिटलेत शहाण्याने." आणि खो खो हसला. "तुमच्यावर गेलंय."

घरी आल्या आल्या मी दोघींना दुकानात नेलं. पहिल्याच खटक्याला जमलं. मुलगी किंचाळलीच. "आई, बघ! उघडे! चांगले टक्क उघडे!" ती माझ्या गळ्यात पडली. बायकोने चष्मा लावून फोटो पाहिला, मग मला पाहिलं, मग पुन्हा फोटो. "देखणे होता की हो तुम्ही," ती म्हणाली, "कधी कळलंच नाही." तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा दिवस होता. हे मी मोकळेपणाने सांगतो.

डोळे थोडे चुरचुरत होते. नंतर जास्त चुरचुरू लागले. डॉक्टरने थेंब दिले आणि म्हणाला, "पापण्या हलवत जा हो अधूनमधून." मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी चहाचा कप ओठांपाशी नेला आणि तो तिथेच राहिला. बायको माझ्याशी बोलत होती, बोलून उठून गेली, कपडे वाळत घालून परत आली. "साय बघा किती जाडी आली," ती म्हणाली, "कसला विचार करताय?" दुकानात एक बाई स्टुलावर बसल्या आणि किती तरी वेळाने मीच हलत नाही म्हणून खाकरल्या. मी आरशासमोर उभं राहून मोठ्याने "झालं, हला आता" म्हणून पाहिलं. कंगव्याखेरीज काही हललं नाही. हे स्वतःचं स्वतःला म्हणून भागत नसावं. काढणाऱ्याने म्हणायला लागतं.

मेहुण्याला म्हटलं, मला परत तिकडे ने. तो म्हणाला, "नेतो ना, पोरगी एकदा जाऊ दे."

ती आज गेली. सामान गाडीत चढलं. तिघांचा फोटो तिने हातातल्या पिशवीत, कपड्यांच्या घडीत ठेवला होता. मेहुणा पानापानांचाच शर्ट घालून तिला सोडायला आला होता. दारात आम्हाला दोघांना उभं करून तिने फोन वर केला आणि माझी नक्कल केली. "ताठ उभे राहा. इकडे बघा. हलू नका." बायको हसली. फोटो निघाला.

"झालं!" मुलगी म्हणाली. "हला आता!"

बायको हलली. धावत जाऊन तिने तिला कवटाळलं. मुलीने तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. माझ्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"मामा, बघ ना," ती म्हणाली. "बाबा रडतायत."

ती येऊन मला बिलगली. माझे हात काही वर आले नाहीत. ती म्हणाली, "बाबा, झालं म्हटलं ना मी." मग तिने माझे डोळे पुसले आणि गाडीत जाऊन बसली. गाडी वळेपर्यंत ती हात हलवत होती. बायकोही हलवत होती.

मी दाराच्या उजव्या टोकाला, हनुवटी जरा खाली घेऊन उभा होतो.