वाफेच्या खोलीत जाण्याआधी

कांता गेल्याचं मला मंगळवारी सकाळी पावणेअकराला कळलं. मी दुकानात गुरांच्या ढेपेचं पोतं उतरवत होतो. फोन तिच्याच नंबरावरून आला, म्हणून मी म्हटलं, "बोल वं." पलीकडे मधुकरराव होते, ती काम करायची त्या निसर्गोपचार केंद्राचे व्यवस्थापक. "प्रफुलभाऊ, आधी बसून घ्या," ते म्हणाले. मी पोत्यावर बसलो. डोक्यातली नस फुटली होती. ती चौतीस वर्षांची होती.

तेरवीनंतर मधुकरराव घरी आले. केंद्रात पहिल्यांदा येणाऱ्याने काय करावं, काय करू नये, हे कांता तोंडीच सांगायची. लिहिलेलं कुठेच नव्हतं. तिच्या जागी आता वर्षाली आली आहे, तिला काही माहीत नाही. "तुमच्याइतकं कोणी ऐकलं नाई तिचं. लिहून द्या," ते म्हणाले.

खरं आहे ते. नऊ वर्षांपूर्वी पोती उचलून माझी कंबर धरली. कोणीतरी बोरगाव मेघेच्या पुढचं हे केंद्र सुचवलं. मी सकाळी दोन प्लेट तर्री पोहे खाल्ले, शर्टाला अत्तर लावलं आणि गेलो. टेबलामागे एक सावळी मुलगी वहीत काही लिहीत होती. तिने मान वर न करताच विचारलं, "लग्नाले चालले का?"

"नाई... कंबरेसाठी आलो."

"मग अत्तर काऊन? आत पाच जणं बसतात. वाफेनं वास दुप्पट होते. अन् खाल्लं काय?"

"पोहे."

"किती?"

मी दोन बोटं दाखवली. तिने ओठ दाबून हसू आवरलं, पण डोळ्यांत ते दिसलंच.

"आज नाई जमत. पुढच्या रविवारी या, दोन तास आधीपासून काई खाऊ नका. पाणी मात्र पिऊन या. पाव तास लवकर या, घाईत आलेलं अंग ढिलं होत नाई. अंगठी, साखळी घरी ठेवा, तापून चटका बसते. आधी आंघोळ, मग वाफ. डोक्यावर ओला रुमाल. मोबाईल बंद, आत हळू बोलायचं. बीपी, शुगर असन त आधीच सांगायचं. चक्कर आली त लाजायचं नाई, हाक मारायची."

एवढं सगळं तिने एका दमात म्हटलं. मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

पुढच्या रविवारी मी सगळं नीट करून गेलो. तर ती फक्त म्हणाली, "जा आत." बस. सूचना नवख्यांसाठीच होत्या. दहा मिनिटं वाफेत बसलो, पण तिचं सांगणं ऐकायला मिळालं नाही म्हणून चुकल्यासारखं वाटत राहिलं.

त्याच्या पुढच्या रविवारी मी अंगठी घालून गेलो. तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मग एकदा रुमाल विसरलो. एकदा दुकानातल्या रुपेशला सांगून ठेवलं, दहाला मला फोन कर. फोन वाजला आणि ती माझ्याकडे बघतच राहिली.

"प्रफुलभाऊ, पाच रविवार झाले. तुमी अजून पहिल्यांदाच येऊन राह्यले का?"

"भाऊ नका म्हणू."

"मग काय म्हणू?"

मी फोन बंद करू लागलो.

"कंबर बरी झाली?"

"केव्हाच."

"मग येता कायले?"

मालिश करणाऱ्या अनुसयाबाई बाजूला टॉवेलांच्या घड्या घालत होत्या. "सांग न बाबू," त्या म्हणाल्या, "मले बी ऐकू दे."

"वाफ घेऊन येतो, मग सांगतो," म्हणून मी आत पळालो. दहा मिनिटांच्या वर बसायचं नसतं. मी बसून राहिलो. दारावर थाप पडली.

"बाहेर या! उत्तर उकडून निघत नाई."

बाहेर आलो तो लालबुंद. तिने पाण्याचा पेला पुढे केला. "घोट घोट प्या. लगेच थंड पाणी अंगावर घेऊ नका. अर्धा तास पडून राहा." मग खालच्या आवाजात म्हणाली, "नाचणगावले आमचं घर हाये. बाबा रविवारी घरीच राह्यतात. तिथं... पोहे खाऊन आले तरी चालते."

मी गेलो. वैशाखात लग्न झालं.

लग्नानंतरही ती विचारायची. "काऊन येत होते, सांगा न."

"तुले मालूम हाये."

"हाये मालूम. ऐकायचं हाये."

"सांगीन."

पहिली काही वर्षं ती यावर हसायची. नंतर नुसती बघायची आणि कामाला लागायची. शेवटचं तिने सोमवारी विचारलं. मी फोनवर गिऱ्हाइकाला ढेपेचा भाव सांगत होतो. हातानेच तिला थांब म्हटलं.

सूचना वर आल्या आहेत. पुरुषांची आणि बायांची खोली वेगळी आहे, हेही नवख्याला सांगावं. वर्षालीने सगळं सावकाश सांगावं. कांता फार भरभर सांगायची.

मी कशासाठी येत होतो, ते कांताला सांगायचं राहिलं.