डाव्या सीटचं वजन

साहेब, तुम्ही खोटं बोललात. धरणाचे दरवाजे उघडलेत, भोंगा वाजवला नाहीत, आणि खालच्या बुटक्या पुलावरून ट्रक वाहून गेला तेव्हा छातीठोकपणे जाहीर केलंत, की गाडीत एकच माणूस होता. तो एक जिवंत सापडला, म्हणून शोध थांबवलात. दुसऱ्याच्या बहिणीने तुमच्या कचेरीत येऊन विचारलं, तर आतला माणूस चहा ढवळत म्हणाला, "गेला असेल कुठंतरी निघून. तो गाडीत होता याचा पुरावा आणा, मग पाठवू पाणबुडे."

ती बहीण गाड्यांची सस्पेन्शन बसवते. गिऱ्हाइकं तिला मिस्त्रीणबाई म्हणतात. लांबट पत्र्याची शेड, मध्ये खड्डा, भिंतीवर पाने टांगलेले, आणि जमीन अशी सपाट की पाणी सांडलं तर त्याला कुठं जावं ते कळत नाही. डोंगरात, चिखलात, नदीच्या पात्रात घालायच्या गाड्या तिच्याकडे येतात. गिऱ्हाईक किंमत विचारतं आणि ती विचारते, "गाडीत कोण कोण बसतं?"

कारण कॉइलओव्हर, म्हणजे शॉक-ॲबसॉर्बर आणि त्याच्या अंगाभोवतीच बसवलेली स्प्रिंग, ही रंग बघून घ्यायची वस्तू नव्हे. वजन बघून घ्यायची. स्प्रिंग नरम निघाली तर गाडी प्रत्येक खड्ड्यात पोट घासते, कडक निघाली तर रिकामी गाडी बकरीसारखी उड्या मारते. लोक थापा मारतात. "एकटाच असतो हो मी," म्हणतात, आणि मागे तंबू, फ्रिज, पाण्याचे कॅन आणि बायकोचं अख्खं माहेर. ती म्हणते, "मला फसवाल. स्प्रिंगला कसं फसवाल?"

वाहून गेलेला ट्रक, मागे सीट असलेला छोटा पिकअप, तिच्या नवऱ्याचा होता. तुमच्याच कामावर भाड्याने लावलेला. डाव्या सीटवर रोज तिचा दादा बसायचा, तुमची मोजमापाची अवजारं मांडीवर घेऊन. दादा चांगला ऐसपैस माणूस. "तू बसलास की गाडी एक कान पाडते," असं ती त्याला चिडवायची.

"मग माझ्या मापाची स्प्रिंग घाल."

"तुझ्या मापाची अजून कोणी बनवली नाही, दादा."

त्या दिवसातलं नवऱ्याला काहीच आठवत नाही. डोकं फुटलं होतं. तुमची माणसं दवाखान्यात त्याच्या उशाशी गेली आणि म्हणाली, "एकटेच होतात ना?" पट्ट्यांत गुंडाळलेलं डोकं. मान एकदा खाली गेली. ती ग्लानीत गेली की होकारात, हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. तुमचं मात्र काम झालं.

ट्रक गाळातून काढून तुम्ही परत दिलात. मिस्त्रीणबाईने तो शेडमध्ये घेतला, वाकलेलं सगळं उतरवलं आणि चारही चाकांना नवे कॉइलओव्हर चढवले. उजवीकडे जे, तेच डावीकडे. जॅक काढला. ट्रक जमिनीवर बसला, आणि पुढची डावी बाजू दोन बोटं खाली गेली.

होतं असं कधीकधी. नवी स्प्रिंग जागा धरते. तिने टायरची हवा तपासली. मग शॉकच्या अंगावरच्या आट्यांवरची रिंग फिरवून डावी स्प्रिंग आवळली, गाडी सरळ केली, रिंगचा स्क्रू घट्ट केला. दुसऱ्या दिवशी शेड उघडली तर डावी बाजू पुन्हा दोन बोटं खाली. रिंग होती तिथेच होती. स्क्रू तसाच घट्ट.

तिने डावा कॉइलओव्हर उजवीकडे लावला, उजवा डावीकडे. तरी खाली गेली ती डावीच. चासी कोपऱ्याकोपऱ्यातून मोजली. सरळ. शेवटी चाकांखाली वजनकाटे सरकवले. पुढच्या डाव्या चाकावर जास्तीचं वजन होतं. नटबोल्टाचं नव्हे, माणसाचं.

"तू जरा तुझ्या जागेवर बस," ती नवऱ्याला म्हणाली.

तो उजवीकडे स्टिअरिंगमागे बसला. ट्रक समपातळीत आला.

"हे असं कधी होतं?" त्याने आतूनच विचारलं. डावीकडे न बघता.

"दोघं बसले की."

तो उतरला नाही.

पुढे ती रोज डाव्या बाजूचे आटे साफ करू लागली. कॉइलओव्हरच्या आट्यांत चिखल राहिला की रिंग अडकते, म्हणून ब्रश मारायचा, पुसायचं, कोरडं वंगण लावायचं. पण ट्रक शेडमधून डांबरी रस्त्यावरसुद्धा गेला नव्हता. उजवे आटे लखलखीत. डाव्या आट्यांत राखाडी, मऊ गाळ. नदीच्या तळाशी असतो तसा. पुसला की पुन्हा.

शेजारचा वेल्डर आपला ग्राइंडर न्यायला आला. गाडीपुढे थांबला.

"वहिनी, आत कोण बसलंय?"

"कोणी नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि ग्राइंडर न घेताच गेला.

"विकून टाकू हा ट्रक," नवरा म्हणाला.

"आणि घेणाऱ्याने विचारलं, गाडीत कोण कोण बसतं, तर?"



मग तिने ते केलं जे ती कुठल्याही गिऱ्हाइकासाठी करते. बसणाऱ्या माणसाचं वजन धरलं आणि त्या वजनाची स्प्रिंग निवडली. फक्त डाव्या बाजूसाठी, जाड तारेची. जॅक काढला. रिकामा ट्रक कसा सरळ उभा राहिला.

"घातली रे तुझ्या मापाची," ती पुटपुटली. डाव्या काचेवर टकटक करायला हात वर गेला होता. तो तिने खाली घेतला.

"आईकडे जाऊ," ती नवऱ्याला म्हणाली.

आई एकटी राहते. त्या दिवसापासून तिने दाराला कडी लावलेली नाही.

नवऱ्याने गाडी चालवली. ती मागच्या सीटवर बसली. पुढची डावी सीट दोघांनीही न ठरवता सोडली होती. भर दुपारचं ऊन. रस्ता उखडलेला, पण ट्रक एकाही खड्ड्यात कलला नाही. वळणावर मात्र डाव्या सीटचा फोम हलकासा करकरला, जसा कोणी बूड सावरून बसल्यावर करकरतो.

आईच्या दारात इंजिन बंद झालं. दोघं उतरले.

सवयीने ती पुढच्या चाकाशी वाकली. चाकावरची फट दोन्हीकडे सारखी.

मग डावी स्प्रिंग कुरकुरली.

डावी बाजू वर आली. एकदम नव्हे. आधी थोडी. मग राहिलेली. जड माणूस एक पाय टेकतो, दाराचा आधार घेतो आणि मग दुसरा टेकतो, तशी.

दार उघडलं नव्हतं.

नवरा तिच्या मागे उभा होता. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता.

आतून आईचा आवाज आला. रोजचाच, थोडा वैतागलेला.

"अगं, त्याला पाय पुसून यायला सांग ना. सगळी लादी राखाडी केली."

पुरावा मागितला होतात ना, साहेब? ट्रक अजून तिथेच उभा आहे, डावी बाजू दोन बोटं वर. या, स्वतः पट्टी लावून मोजा. आणि मग तोंड उघडा. गाडीत एकच माणूस होता, तर त्या दारात उतरला कोण?